दरजांचा दर्जा

मराठीत 'दरज' आणि 'दर्जा' असे दोन शब्द आहेत. दोघांचं एकमेकांशी नातं काही नाही. पण ज्यानं एकदा घर बांधलंय त्याला ते असायला हवं होतं असं वाटतं. दरज म्हणजे दोन दगडांमधली किंवा दोन फरश्यांमधली फट. ती बुजवण्याच्या कामाला गवंडी 'दरजा भरणं' म्हणतो, आणि अंदाजपत्रकात तेच काम 'दर्जा भरणे' होऊन बसतं. मग घरमालक कागद वाचून विचारतो, "दर्जाचे पैसे वेगळे कशाला? तो कामातच यायला नको का?" प्रश्न विनोदी आहे, पण अगदीच गैरलागू नाही.

वास्तुशांतीला आलेले पाहुणे घरातलं सगळं पाहतात. नळ सोडून पाहतात, दिव्यांची बटणं दाबून पाहतात, भिंतीवर टकटक करून 'वीट की ब्लॉक?' असं डॉक्टरी आवाजात विचारतात. पण अंगणात उभं राहून 'वा! दरजा काय सुरेख भरल्यात!' असं म्हणणारा पाहुणा मला अजून भेटायचा आहे. दरजेचं दाताच्या फटीसारखं असतं. भरलेली असते तोवर तिच्याकडे कोणी बघत नाही. रिकामी झाली की जीभ सारखी तिथंच जाते.

आमच्या यवतमाळच्या घराच्या मागच्या अंगणातल्या दरजा आम्हाला दिसल्या त्या चाळीसएक वर्षांनी, आणि त्या दाखवल्या एका यंत्रानं. आमचे चिरंजीव पुण्याला असतात. यवतमाळचा दुर्गोत्सव म्हटला की ते कुठूनही येतात; या खेपेला येताना त्यांनी प्रेशर वॉशर नावाचं पिवळंधमक यंत्र आणलं. या यंत्राचा मूळपुरुष १९५० साली जर्मनीत जन्मला. आल्फ्रेड कार्चर नावाच्या गृहस्थांनी गरम पाण्याचा जोरदार फवारा मारणारं यंत्र काढलं, आणि तेव्हापासून जगातली घाण निर्धास्त झोपलेली नाही. घरगुती यंत्रातला पंपसुद्धा शंभर-सव्वाशे 'बार' दाब देतो. 'बार' म्हणजे काय ते यवतमाळच्या भाषेत सांगायचं तर, नखाएवढ्या जागेवर क्विंटलभर कापूस ठेवल्यावर जो दाब पडेल तो शंभर बार.

पाण्यानं अंगण धुवायचं यंत्र यवतमाळात आणणं हा मुळातच धाडसी विचार. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह तळाला गेले तेव्हा याच अंगणात ड्रमांची रांग होती, आणि टँकरच्या हॉर्नला आम्ही सनईचा मान देत होतो. पण चिरंजीवांचा हेतू वेगळा होता. आमची आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. रोज पहाटे ती अंगण ओलांडून तुळशीला पाणी घालायला जाते. पावसाळ्यानंतर फरशीवर, विशेषतः दरजांतून, शेवाळ धरतं. डॉक्टरांनी बजावून ठेवलं आहे की या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस पुन्हा चालेलच असं नाही. आईला पहाटे बाहेर जाऊ नकोस असं सांगून पाहिलं. "मग तुळशीलाच आत आणा," एवढंच ती म्हणाली. वृंदावन दीड टनाचं असेल. तेव्हा शेवाळ काढणं भाग होतं.

यंत्रानं शेवाळ अर्ध्या तासात काढलं. फरशी इतकी स्वच्छ झाली की ती शहाबादी आहे हे शेजाऱ्यांना नव्यानं कळलं. पण त्याबरोबर अर्ध्याअधिक अंगणातल्या दरजाही गेल्या. कुठं खपल्या, कुठं भुकटी, कुठं नुसतं गढूळ पाणी. गंमत म्हणजे तुळशीच्या भोवतालच्या दरजा जागच्या जागी होत्या. फवारा तोच, हात तोच, चुना तोच. तरी एकीकडं सुपडा साफ आणि दुसरीकडं ढिम्म.

मिस्त्री आले. यांच्या वडिलांनीच १९७९ साली आमच्या वडिलांचं हे घर बांधलं होतं, त्यामुळं आमच्याकडे ते चहा न विचारता घेतात. त्यांनी फरशीवर थापीचा दांडा ठोकत अंगणभर फेरी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि निकाल दिला, "पान्यानं दरजा नाई गेल्या जी काकाजी. त्या आंधीच गेल्या होत्या. पान्यानं फकस्त पंचनामा केला."

पंचनामा झाल्यावर प्रश्न उरला, आता भरायचं काय? फवाऱ्याला पुरून उरेल असं? इतिहासाची आवड असलेल्या माणसाला असा प्रश्न पडला की तो बाजारात जाण्याआधी काही शतकं मागं जातो. बाजार तेवढ्यात बंद होतो हा भाग वेगळा.

मागं जाता जाता पहिला मुक्काम घराजवळच पडला. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात कमळेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे. हेमाडपंती बांधणीत दरज भरायचा प्रश्नच नाही, कारण दरजेत काही भरलेलंच नसतं. दगड असे घडवायचे की एकाची कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसावी आणि वरच्यानं आपल्या वजनानं खालच्याला दाबून धरावं. एकत्र कुटुंबपद्धतीचं तत्त्व म्हणा. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. अशी बांधणी त्याच्या आधीपासून होती, पण नाव त्याचं लागलं. मोडी लिपी त्याची, बाजरी त्यानं आणली, बिनचुन्याची देवळं त्याची. आपल्याकडं एकदा माणूस कर्तबगार ठरला की गावचं सगळं सामान त्याच्याच दारात नेऊन ठेवतात. मिस्त्रींना हा पर्याय सांगितला. ते म्हणाले, "करू ना जी. फरशी एक एक फूट जाड आना, अन् पाथरवट तेराव्या शतकातून आना."

मग चुना. चुन्याच्या बाबतीत आमचा जिल्हा श्रीमंत. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५पर्यंत वणीच्या नावानं ओळखला जाई. इंग्रज त्याला 'वुन' म्हणत आणि गप्प बसत. त्या वणीजवळ राजूरला चुनखडीही आहे आणि कोळसाही. भाजायचा दगड आणि भाजायचं इंधन देवानं एकाच ताटात वाढल्यावर तिथं चुनाभट्ट्या पेटल्या नसत्या तरच नवल. चुनखडी नऊशे अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी टाकलं की तो नव्या सुनेला पहिल्यांदा बोलणाऱ्या सासूसारखा उसळतो, वाफा टाकतो आणि मग लोण्यासारखा मऊ पडतो. हा विरवलेला चुना वाळूबरोबर दरजेत बसला की हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगड जाळायचा, विझवायचा, आणि हवा तिथं नेऊन पुन्हा दगड करायचा. शहाबादी फरशी हीसुद्धा चुनखडीच. तेव्हा चुन्यानं भरलेली शहाबादी म्हणजे भावाच्या शेजारी भाऊ बसवणं. फक्त हे काम सावकाश होतं, आणि सावकाश होणाऱ्या कामावरचा आपला विश्वास उडालाय. आज चुन्याची खरी उलाढाल पानठेल्यावर खर्रा घोटताना होते, आणि भाषेत तो उरलाय 'चुना लावणे' या वाक्प्रचारात. ज्या वस्तूनं किल्ले उभे केले तिच्या नशिबी हे यावं!

किल्ल्यांवरून आठवलं. प्रेशर वॉशरला टिकणारी दरज कुठं पाहायची असेल तर ती मुरूडच्या समुद्रात आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून शिवाजी महाराजांनी त्याच्यासमोर पद्मदुर्ग बांधायला घेतला. बांधकाम चालू असताना रसद वेळेवर पोचली नाही, म्हणून १६७५च्या जानेवारीत महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला खरमरीत पत्र लिहिलं. ठेकेदार माल पोचवत नाही ही तक्रार किती जुनी आहे बघा. फरक इतकाच, की तेव्हाच्या पत्राला उत्तर म्हणून मालच यायचा. या पद्मदुर्गाच्या तटावर साडेतीनशे वर्षं समुद्र दिवसातून दोनदा भरतीचा फवारा मारतो आहे. न वीजबिल, न सुट्टी. त्या माऱ्यानं तटाचे दगड झिजून आत गेले आहेत. मधला चुना मात्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखा बाहेर उभा आहे. दगड हरला आणि दरज जिंकली! गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद असं काय काय जुन्या चुन्यात घालत, घाण्यात बैल जुंपून तो दिवसच्या दिवस दळत. आमच्या हिनं ही यादी ऐकून विचारलं, "दरजा भरायच्या आहेत की बाळंतिणीचे लाडू करायचेत?"

मी पद्मदुर्गाचं वर्णन रंगवून सांगितलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "थो किल्ला कायच्यावर हाय जी?"

"खडकावर."

"अन् तुमचं आंगन?"

इथं मला इंग्लंडातल्या एडिस्टन दीपगृहाची गोष्ट सांगणं भाग पडलं. प्लिमथच्या समोर भर समुद्रातल्या खडकावर जॉन स्मीटन या इंजिनिअरनं १७५६ ते १७५९ या काळात ते बांधलं. आधीची दोन दीपगृहं गेली होती. एक वादळानं, एक आगीनं. पाण्यात घट्ट होईल असा चुना हवा म्हणून स्मीटननं ठिकठिकाणच्या चुनखड्या भाजून पाहिल्या आणि त्याला आढळलं की ज्या चुनखडीत चिकणमाती मिसळलेली असते तिचाच चुना पाण्याखाली आवळतो. त्यात त्यानं इटलीतली ज्वालामुखीची राख मिसळली, दगड सुताराच्या सांध्यासारखे एकमेकांत अडकवले आणि मनोरा उभा केला. सव्वाशे वर्षं अटलांटिकच्या लाटांनी त्याच्यावर डोकं आपटलं. एकही दरज हलली नाही. शेवटी दीपगृह हलायला लागलं, कारण ज्या खडकावर ते उभं होतं तो खडकच लाटांनी खालून पोखरला! १८८२ साली शेजारी नवीन दीपगृह झालं. जुन्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथच्या किनाऱ्यावर नेऊन बसवला, तो आजही तिथं आहे. आणि बुडखा अजून समुद्रात त्या खडकावर उभा आहे.

मिस्त्रींनी चहाची बशी खाली ठेवली. "पाहा," ते म्हणाले, "सायेबालेही शेवटी खालूनच दगा."

स्मीटनच्या शोधातूनच पुढं सिमेंटची वाट निघाली. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्यानं १८२४ साली पेटंट घेतलं आणि आपला माल पोर्टलंडच्या दगडासारखा दिसतो म्हणून त्याला 'पोर्टलंड सिमेंट' हे नाव दिलं. भारतात पहिला प्रयत्न १९०४ साली मद्रासला झाला, आणि १९१४पासून पोरबंदरला कारखाना चालू लागला. पुढं आमच्या वणीच्या चुनखडीच्या पट्ट्यालाही सिमेंटचा वास लागला. वर्धा नदीपलीकडं घुग्घुसजवळ कारखाना आला, आणि २०२२ साली मुकुटबनलाही आला. आज आमच्या भागात सिमेंटचं पोतं मागितलं तर दुकानदार 'कुठल्या कंपनीचं?' असं विचारतो.

१९७९ साली तो 'परमिट कुठं आहे?' असं विचारायचा. नवीन पिढीला हे सांगून पटत नाही. तेव्हा सिमेंट सरकारी नियंत्रणात होतं आणि तहसिलीतून परमिट मिळाल्याशिवाय मिळत नसे. मुलीचं लग्न ठरवणं सोपं होतं, सिमेंटची चाळीस पोती मिळवणं अवघड. सिमेंटच्या वाटपाच्या प्रकरणात १९८२च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, यावरून त्या पिठाचं वजन कळावं. त्याच वर्षी नियंत्रण अर्धवट उठलं, पूर्ण उठलं ते १९८९ साली. आमच्या वडिलांना जी पोती मिळाली ती सगळी स्लॅबमध्ये गेली. डोक्यावरचं छत आधी, पायाखालचं अंगण नंतर. म्हणून अंगणाच्या दरजा राजूरच्या चुन्यानं भरल्या गेल्या.

आता बाजारात इपॉक्सी आहे. घरोघरी कपाच्या तुटलेल्या कानाला लावायचं ॲरल्डाइट ज्या कुळातलं, त्याच कुळातलं हे. दोन डबे मिसळायचे, घाईघाईनं भरायचं, की पाणी आत जात नाही, शेवाळाला पाय रोवायला जागा मिळत नाही आणि फवाऱ्यानं कणही सुटत नाही. सगळं खरं आहे. किंमतही खरी आहे. दुकानदारानं आजीवन गॅरंटी दिली. कोणाच्या आजीवन, ते सांगितलं नाही.

मी डब्याचा फोटो मिस्त्रींना दाखवला. त्यांनी उत्तर न देता पहार घेतली आणि मोरीजवळची एक सैल फरशी उचलली. खाली दोन बोटं वाळू आणि तिच्याखाली काळीभोर माती. मग ते तुळशीपाशी गेले आणि ओट्याच्या कडेला हातभर खणलं. तिथं लालसर मुरूम निघाला, धुमसानं ठोकून दगडासारखा झालेला. आई ओट्यावर बसून हे पाहत होती. ती म्हणाली, "वृंदावन कलायला नको म्हणून ह्यांनी तिथली माती काढून दोन गाड्या मुरूम घातला होता. सगळ्या अंगणात घालायचा होता. पैसे पुरले नाहीत."

चाळीसएक वर्षांचं कोडं एका वाक्यात सुटलं. आमची काळी माती म्हणजे इथल्याच काळ्या पाषाणाचा चुरा होऊन झालेली. कपाशीला ती आई, घराला सावत्र आई. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा टाकते. "पावसायात फरशी वर, उन्हायात फरशी खाली," मिस्त्री म्हणाले. "झोक्यावर बसून दरज कशी टिकन जी? त्यात तुमी इपॉक्सी भरलं त दरज नाई फुटनार. मंग फरशी फुटन."

हे वाक्य मी तेव्हाच लिहून ठेवलं. दरज जर दगडापेक्षा कडक झाली तर जमीन हलताच तडा दगडाला जातो. पद्मदुर्गाचा चुना दगडाला पुरून उरला तो खालचा खडक हलत नाही म्हणून. हलत्या जागी दरजेनं थोडं नमतं घ्यावं, मार स्वतः खावा, आणि गेलीच तर थापीभर मालात पुन्हा भरता यावी. शिवाय काळ्या मातीवर दरजेचं खरं काम दिसण्यापुरतं नसतं, तर पाणी खाली जाऊ न देण्याचं असतं. एक दरज उघडली की पाणी आत शिरतं, माती फुगते, आणि शेजारची उघडते. भाऊबंदकीसारखं हे पसरत जातं.

मग काय ठरलं ते सांगतो, कोणाला उपयोगी पडलं तर पडेल. फरश्या नंबर घालून उचलायच्या. काळी माती दोन फूट काढून मुरूम भरायचा. थरावर थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं ठोकायचा. उतार घरापासून मोरीकडं. दरजा नखभर नाही तर बोटाच्या निम्म्या रुंदीच्या, आणि फरशीच्या पूर्ण खोलीपर्यंत भरायच्या. वरवर लिंपलेली दरज ही पापडासारखी, फवाऱ्याच्या पहिल्या फुंकरीला उडते. माल सिमेंट आणि बारीक वाळूचा, त्यात दुधासारखं पातळ पॉलिमर, म्हणजे तो फरशीला धरून राहतो. भिंतीलगत आणि दर दहा-बारा फुटांवर एक दरज मात्र सिमेंटनं भरायची नाही. तिथं रबरासारखा मऊ माल घालायचा. आमचं ऊन पंचेचाळीस अंशांवर जातं, फरशीला अंग पसरायला जागा हवी. ही जागा निसर्गही सोडतो. आमच्याच जिल्ह्यात शिबला-पारडीजवळ षट्कोनी दगडी खांब उघडे पडल्याच्या बातम्या २०२२च्या सुमारास आल्या होत्या. लाव्हा थंड होताना आक्रसला आणि त्यानं स्वतःच्या दरजा स्वतः पाडून घेतल्या. मिस्त्री न बोलावता.

यंत्रालाही नियम झाले. नवीन दरजांवर अठ्ठावीस दिवस बंदी. नंतरही पंख्यासारखा पसरणारा फवारा, फूटभर अंतरावरून, तिरपा आणि दरजेला आडवा. दरजेच्या रेषेतून सुईसारखी धार सोडणं म्हणजे भिंत झाडायला सुरुंग वापरणं. चिरंजीवांनी हे सगळं मोबाइलवर लिहून घेतलं, आणि आईनं खराटा जागच्या जागी राहू द्या असं सांगितलं.

काम पूर्ण झाल्यावर मिस्त्रींनी वहीच्या पानावर हिशेब दिला. दरजांचा खर्च एका ओळीत आटोपला होता. मुरूम, खोदाई, वाहतूक आणि धुमस यांनी पान भरलं होतं. वडिलांना जे पैसे पुरले नव्हते ते हेच. मी पान आईला वाचून दाखवलं. तिनं आकडा ऐकला, थोडा वेळ अंगणाकडं पाहिलं आणि म्हणाली, "ह्यांनी तेव्हा हाच आकडा काढला होता. फक्त शून्यं कमी होती."